निकालापर्यंत काय खायचे?

१

दलित साहित्याच्या समीक्षेत वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांनी फार मोठे काम केले आहे. प्रस्थापित समीक्षेच्या मापात जे लेखन बसत नव्हते, त्याला उभे राहायला या शब्दांनी जागा दिली. हे ऋण मान्य करूनच एक गोष्ट बोलली पाहिजे. हे तिन्ही शब्द प्रसंगाचे आहेत. पाणवठ्यावरचा मार, गावकीने केलेला अपमान, धर्मांतराचा दिवस, असे प्रसंग त्यांत नीट मावतात. पण माणसाच्या आयुष्यात असाही एक काळ येतो की ज्यात काही घडत नाही. नुसते दिवस जातात, आणि प्रत्येक दिवशी भाकरी मात्र लागते. नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याचे घर सोडून आलेल्या बाईचा, दावा दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंतचा काळ हा असा आहे. या काळासाठी कायद्याने एक शब्द ठरवला आहे : अंतरिम. म्हणजे मधला.

हा मधला काळ आपल्या साहित्यात कसा आला आणि न्यायालयाच्या कागदात कसा येतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. कोर्टाचा अर्ज हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्या आयाबहिणींपैकी फार थोड्या जणींनी आत्मकथने लिहिली. कितीतरी जास्त जणींनी पोटगीच्या अर्जावर सही केली, नाहीतर अंगठा उमटवला. तिच्या आयुष्याबद्दलचा तेवढा एकच लिखित मजकूर जगात शिल्लक असतो. तो कोणी लिहिला, त्यात काय आले आणि काय गाळले गेले, हे पाहणे समीक्षेचे काम नसेल तर दुसऱ्या कोणाचे आहे?

२

आधी शब्द पाहू. पोटगी म्हणजे पोटापुरते. न्यायालयाच्या मराठीत तिलाच खावटी असेही म्हणतात. हा दुसरा शब्द आदिवासी भागात वेगळ्या अर्थाने चालतो. पावसाळ्यात काम नसते, कणगी रिकामी असते, तेव्हा पुढचे पीक हाती येईपर्यंत जगण्यासाठी जे कर्ज मिळत असे ते खावटी कर्ज. बाईची खावटी आणि आदिवासीची खावटी हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दोन्ही ठिकाणी समाजाने असे धरले आहे की या माणसाचा वर्षभराच्या मालमत्तेत वाटा नाही, तेव्हा तो मधल्या काळात मरू नये एवढे पाहावे. मनूने बायको, मुलगा आणि दास या तिघांना स्वतःचे धन नाकारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू स्त्रीच्या अधःपतनाची चर्चा करताना मनूच्या या व्यवस्थेवर बोट ठेवले होते. धन नाही म्हणून पोटगी, आणि पोटगी म्हणून फक्त पोट, असा हा वारसा आहे.

आता कायदा. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. कलम २ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. घटस्फोटाचा, नांदायला येण्याचा किंवा न्यायिक विभक्ततेचा दावा चालू असताना, ज्या पक्षाकडे स्वतःच्या निर्वाहाला आणि दाव्याच्या खर्चाला पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याने कलम २४ खाली अर्ज करावा आणि न्यायालयाने दोघांचे उत्पन्न पाहून वाजवी रक्कम ठरवावी, अशी तरतूद आहे. हा हक्क कायद्याने पती आणि पत्नी दोघांनाही दिला आहे. त्यात दोन गोष्टी आहेत : दरमहाचा निर्वाह आणि दाव्याचा खर्च. दुसरी गोष्ट पुष्कळदा मागायचीच राहून जाते, आणि बाई मंगळसूत्र मोडून वकिलाची फी भरते. २००१ साली या कलमाला जोड मिळाली की, नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अर्ज निकालात काढावा.

दुसरी वाट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची. १९७३ च्या संहितेतील हे कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. या वाटेने जायला घटस्फोटाचा दावा असावाच लागतो असे नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची नाळ राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (३) आणि ३९ शी जोडली. म्हणजे ही नवऱ्याची मेहेरबानी नव्हे, घटनेने मान्य केलेले सामाजिक न्यायाचे काम आहे. पण त्या घटनात्मक न्यायाची कमाल मर्यादा त्या वेळी किती होती? महिना पाचशे रुपये. महाराष्ट्राने १९९९ साली ती दीड हजारांवर नेली, आणि २००१ साली संसदेने मर्यादाच काढून टाकली. अंतरिम पोटगीचा तर या कलमात मुळात उल्लेखही नव्हता. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंतही दंडाधिकारी काही रक्कम देववू शकतो, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, आणि २००१ साली ते कायद्यात लिहिले गेले. १८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ म्हणून होते. एका शतकाहून अधिक काळ कायद्याच्या पुस्तकात पोटगी होती. पण पोटगीचा निकाल लागेपर्यंत बाईने काय खायचे, हा प्रश्न त्यात नव्हता.

३

हा मधला काळ आला कोठून, हेही पाहिले पाहिजे. ब्राह्मणी विवाहात तो नव्हता, कारण तेथे घटस्फोटच नव्हता. आपल्या जातींत काडीमोड होता, पाट होता. पंच बसत, काडी मोडली जाई, बाई मोकळी होई. त्यातही मधला काळ नव्हता; जे काय व्हायचे ते एका बैठकीत. आपल्यातले काही जण यावरून म्हणतात की आमच्या स्त्रिया मुळातच स्वतंत्र होत्या, कायद्याने त्यांना अडकवले. हे म्हणणे तपासून घ्यावे लागेल. पंचांत बाई कोठे होती? 'अक्करमाशी'त (१९८४) शरणकुमार लिंबाळे यांनी आपल्या आईची, मसामाईची जी कहाणी सांगितली आहे ती या संदर्भात वाचावी. काडीमोडाने बाई मोकळी झाली हे खरे, पण मुले तिच्याकडून गेली. आणि पुढे ज्या पाटलाने तिला ठेवले त्याच्या दृष्टीने ती बायको नव्हती, तेव्हा तिला टाकताना कसली बैठकही लागली नाही.

येथे कायद्याचे एक वाक्य आठवते. कलम ४८८ आणि पुढे १२५, दोन्हींत औरस वा अनौरस अशा दोन्ही मुलांना निर्वाह देण्याची जबाबदारी बापावर टाकलेली आहे. म्हणजे 'अक्करमाशी' ज्या प्रश्नावर उभी आहे, माझा बाप कोण, त्या प्रश्नाला कायद्याकडे निदान भाकरीपुरते उत्तर होते. ते उत्तर दलित वस्तीपर्यंत कोणी आणले नाही. या पुस्तकावर आपण जन्माच्या कलंकाच्या अंगाने पुष्कळ बोललो. ज्याच्याकडे जमीन आहे अशा बापाकडून मुलाची महिन्याची भाकरी वसूल का झाली नाही, या अंगाने बोललो नाही.

कायद्याने काय दिले ते कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधाचा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली आणि ते बिल अडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलाचे तुकडे होऊन जे कायदे आले त्यांतला एक १९५५ चा. बाईला न्यायालयाच्या दारात स्वतःच्या नावाने उभे राहता येते, हे त्या लढ्याचे फळ आहे. कलम २९ ने रूढीने चालत आलेला काडीमोडही शाबूत ठेवला. पण न्यायालयाचे दार आणि न्याय यांच्यामध्ये एक लांबलचक व्हरांडा आहे. ज्याच्याकडे पगार आहे, घर आहे, तो त्या व्हरांड्यात दहा वर्षे उभा राहू शकतो. जिच्याकडे रोजची मजुरी आहे, तिचा प्रत्येक तारखेला एक रोज बुडतो. तारखा लावणे हे म्हणूनच नवऱ्याच्या हातातले हत्यार होते. त्या हत्याराविरुद्ध बाईकडे एकच ढाल आहे : अंतरिम पोटगी. ती वेळेवर मिळाली तर दावा दोघांत चालतो. नाही मिळाली तर बाई तडजोडीच्या कागदावर सही करते आणि आपण म्हणतो, आपसात मिटले.

४

आता आपल्या पुस्तकांकडे वळू. 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडूचा सईशी झालेला संसार संशयावर मोडतो. दया पवारांनी स्वतःला झाकले नाही. मराठीत पुरुषाने आपल्या संशयाविषयी इतके उघडे लिहिणे दुर्मीळ. पण सई आपल्याला दिसते ती दगडूच्या डोळ्यांतून. त्या घराबाहेर पडल्यावरचा तिचा हिशेब तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेला नाही. लेखकाचे प्रामाणिकपण आपण वाखाणले, आणि वाखाणताना सईची बाजू आपल्या हातून निसटली.

स्त्रियांनी लिहिले तेव्हा चित्र पालटले. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'त नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर नाजाला माहेरचा आधार घ्यावा लागतो, आणि तिला उभी ठेवते ती शाळेतली नोकरी. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवला जातो. तो खोडा वाचताना अंगावर काटा येतो. पण तो पायातून काढल्यावर ती पोर गेली कोठे असती, आणि खाल्ले काय असते? नांदणे म्हणजे खोडा आणि न नांदणे म्हणजे उपास, अशी ती कोंडी आहे. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई टोपल्या विणते आणि त्या विणण्यावर घर चालते. मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) लिहिले तेव्हा चळवळीतल्या नामवंत नवऱ्याविषयी बायकोने बोलावे की नाही, याचीच चर्चा आपण जास्त केली.

या पुस्तकांत एक धागा समान आहे. बाई काम करते. शेण काढते, मोळी विकते, विणते, खुरपते, शिकवते. नवरा असताना करते, नसतानाही करते. तिच्या कष्टाची नोंद हे या आत्मकथनांचे खरे बळ. आणि आपल्या समीक्षेने या बळाला नाव काय दिले? सोशिकता. हा शब्द आपण मध्यमवर्गीय समीक्षेकडून उसना आणला. सोशिक म्हणजे सोसण्याचा गुण असलेली. वस्तुतः ज्या बाईला मधल्या काळात जगायला कोठूनही काही मिळणार नाही, तिच्यापुढे सोसण्यावाचून दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही. तिच्या नाइलाजाला आपण तिचा स्वभाव म्हटले. पुढे तो स्वभाव दलित स्त्रीचे भूषण झाला, आणि भाषणांतून मिरवला.

५

आता अर्जाविषयी. येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे, कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे.

माझी एक मावसबहीण दोन लेकरांसह माहेरी आली. नवरा कायम नोकरीत, दरमहा पगार घेणारा. चळवळीतला माणूस, चौदा एप्रिलच्या सभेत सूत्रसंचालन करणारा. त्याने घटस्फोटाचा दावा लावला. समाजातली चार वडीलधारी मंडळी घरी येऊन गेली. घरातले भांडण कोर्टात नेऊन समाजाची शोभा करू नका, असे त्यांचे म्हणणे पडले. कोर्टात आधी तोच गेला होता, हे त्यांना कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. मग कलम २४ चा अर्ज करायचे ठरले. मी मराठी शिकवणारा मास्तर, म्हणून मसुदा वाचायला माझ्याकडे आला. त्यात नेहमीचे वाक्य होते : अर्जदार हिला उपजीविकेचे कोणतेही साधन नाही.

मी तो तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "दादा, मी तर रोज जाते की कांद्याच्या खळ्यावर. हे खोटं नाही का व्हायचं?"

मी म्हणालो, "अगं, कोर्टाची भाषा अशीच असते. तू सही कर."

तिने सही केली. नवऱ्याच्या म्हणण्यासोबत तिचा खळ्यावर काम करतानाचा फोटो आला, मुकादमाच्या हजेरीचा कागद आला. तिच्या वकिलाला उत्तर देता देता दोन तारखा गेल्या. सत्य लपवले असा शेरा बसला आणि रक्कम ठरली ती लेकरांच्या दुधालाही पुरू नये अशी. पहिला हप्ता हातात पडायला वर्ष उलटून गेले. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "माझं काम मी कधी लपवलं नव्हतं, दादा. तुम्ही लपवायला लावलं."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात वागवतो आहे. 'जिणं आमुचं' मी वर्गात शिकवतो. दलित स्त्रीच्या श्रमाची नोंद हे त्या पुस्तकाचे मोठेपण आहे असे मुलांना सांगतो. आणि माझ्याच बहिणीच्या आयुष्याचा एकमेव लेखी मजकूर माझ्या हातात आला तेव्हा तिचे श्रम मी स्वतः खोडून टाकले. आत्मकथनात बाई म्हणते, मी राबले. अर्जात तीच बाई म्हणते, मी काहीच करीत नाही. हे दोन मजकूर एकाच आयुष्याचे आहेत. दुसरा खोटा का झाला?

तो खोटा झाला, कारण अर्जाचा तो नमुना तिच्यासाठी बनलेलाच नाही. त्यामागे घराबाहेर न पडणारी, नवऱ्याच्या मिळकतीवर जगणारी उच्चवर्णीय गृहिणी उभी आहे. तिला खरोखरच स्वतःचे साधन नसते. तिच्याबाबतीत ते वाक्य खरे असते. आपल्या बाईने ते उसने घेतले की तिचे कष्ट तिच्याविरुद्धचा पुरावा होतात. राबली म्हणून घर चालले, आणि राबते म्हणून पोटगी नाही. जातिव्यवस्थेने जिला कधी बसून खाऊ दिले नाही, तिच्यापुढे न्यायाची अट काय, तर तू बसून खातेस असे लिहून दे.

आणि खरे सांगायचे तर कायद्याने ही अट घातलेलीच नाही. कलम २४ चे शब्द पुन्हा वाचावेत. उत्पन्न मुळीच नसावे असे तेथे म्हटलेले नाही. निर्वाहाला आणि दाव्याच्या खर्चाला पुरेसे उत्पन्न नसावे, असे आहे. पुरेसे या एका शब्दात आपल्या बाईची सगळी बाजू मांडता येते. मी खळ्यावर जाते, हंगामात इतके दिवस काम मिळते, इतका रोज पडतो, पावसाळ्यात काम नसते, घरभाडे इतके, पोराच्या शाळेला इतके. नवऱ्याचा पगार इतका. असा खरा हिशेब दिला असता तर फोटो आणि हजेरीचा कागद हे नवऱ्याचे नव्हे, तिचेच पुरावे झाले असते. भाषेचा मास्तर असून मला तो एक शब्द वाचता आला नाही.

६

२०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांसाठी देशभराची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ज्या खटल्यात हे झाले तो नागपूरच्या कुटुंब न्यायालयातला, कलम १२५ खालचा. बाईने अंतरिम पोटगीचा अर्ज केला २०१३ साली. आदेश झाला २०१५ साली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नवऱ्याचे म्हणणे फेटाळले २०१८ साली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२० चा. कायद्यात साठ दिवस लिहिलेले असताना नुसत्या मधल्या रकमेचा वाद सात वर्षे चालला. ज्या बाईपाशी एवढी वर्षे टिकण्याचे बळ नसेल, तिचे नाव कोणत्याही निकालपत्रात येणार नाही. ती आपल्या वस्तीत सापडेल.

त्या निकालाने तीन कामाच्या गोष्टी केल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. त्यामुळे तारखा लांबवून पैसा वाचवण्याची नवऱ्याची सोय पुष्कळशी गेली. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले. आणि दोन्ही पक्षांनी आपल्या मालमत्तेचे आणि देण्याचे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावे, असे बंधन घातले. बाई कमावते एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, हेही त्या निकालात स्पष्ट केले आहे. नवरा धडधाकट असेल तर अंगमेहनत करूनही त्याने बायकामुलांना पोसले पाहिजे, असे त्याच न्यायालयाने २०२२ साली दुसऱ्या एका प्रकरणात म्हटले.

या प्रतिज्ञापत्राकडे मी वाचक म्हणून पाहतो तेव्हा मला त्यात जुन्या अर्जापेक्षा आत्मकथनाची जवळीक जास्त दिसते. ते बाईला विचारते : शिक्षण काय, काम काय, मिळते किती, लागते किती, मुले कोणाजवळ, कर्ज किती. येथे प्रथमच तिने राबण्याची कबुली देणे हा गुन्हा राहिलेला नाही. पण त्याचीही मर्यादा पाहावी. शेतीवर जगणाऱ्यांसाठी जो वेगळा नमुना आहे त्यात जमिनीचा विस्तार, पिके, जनावरे, बटाई यांचे रकाने आहेत. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, जे दुसऱ्याच्या रानात राबतात, त्यांचे आयुष्य या रकान्यांत कोठे बसवायचे? आपल्या माणसापुढे हे सारे रकाने कोरे राहतात. ते कोरेपण नीट भरून देणे, रोज, हंगाम, उचल, मुकादमाचे देणे हे सगळे शेवटच्या इतर माहितीत शब्दांत मांडणे, हे काम कोणी करायचे?

ते आपण करायचे आहे असे मला वाटते. कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक, म्हणजे हे पान वाचणारे तुम्हीआम्ही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण वकील मिळाला तरी तो तिचे आयुष्य जाणत नाही. त्याच्यासमोर नमुन्यातले वाक्य तयार असते. तिच्याशेजारी बसून, तिच्याच शब्दांत हिशेब ऐकून तो कागदावर उतरवणारे माणूस लागते. १९८० च्या दशकात संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची चळवळ उभी राहिली तेव्हा टाकलेली बाई ही प्रथमच आपल्या प्रश्नाची वक्ती म्हणून पुढे आली. दलित चळवळीने या प्रश्नाला आपला प्रश्न म्हटले पाहिजे. जेथे नवरा आपल्याच मंचावरचा असतो तेथे तर आधी म्हटले पाहिजे. समाजाची शोभा बाईच्या अर्जाने होत नाही. महिन्याची रक्कम बुडवून जयंतीची वर्गणी देणाऱ्या माणसाने ती होते.

समीक्षेपुरते बोलायचे तर माझी मागणी साधी आहे. दलित स्त्रीचे लेखन वाचताना सोशिक हा शब्द आपण काही काळ बाजूला ठेवावा. त्याऐवजी विचारावे : या पानावर ती काय खाते आहे? ते कोणी मिळवले? तिच्या जाण्यायेण्याचा, वाट पाहण्याचा खर्च कोणी भरला? ज्या कथेत नवरा सोडून बाई तडफेने निघते आणि पुढच्या परिच्छेदात पाच वर्षांनी शिक्षिका होऊन उभी राहते, त्या कथाकाराला विचारावे की मधली पाच वर्षे गेली कोठे? विद्रोहाला मोल आहेच. पण विद्रोहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली की नाही, हे सांगण्याची जबाबदारी त्या साहित्याने टाळू नये.

माझ्या बहिणीने पुढे दुसरा अर्ज केला, रक्कम वाढवून मिळण्यासाठी. या वेळी मसुदा तिने सांगितला आणि मी लिहून घेतला. पहिले वाक्य तिचेच आहे : मी कांद्याच्या खळ्यावर मजुरी करते आणि त्यात माझे व माझ्या दोन लेकरांचे भागत नाही. या वाक्यात एकही अलंकार नाही, आणि खोटाही शब्द नाही. दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. पुढची तारीख खळ्यावरच्या हंगामात आली आहे; त्या दिवशीचा तिचा रोज बुडणार आहे. तो रोज अर्जातल्या खर्चात लिहायचा राहिला होता. काल तिने आठवण केली, आणि आम्ही तो लिहिला.